बाळाचं पहिलं ‘नको’

चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरात जन्मला आणि बापाने त्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. बाळ कधी शिंकलं, कधी दचकलं, कधी रागावलं, सगळं वहीत उतरलं. पुढे १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना कशा व्यक्त होतात यावर डार्विनचं पुस्तक आलं. त्यात त्याने एक साधा प्रश्न घेतला आहे. नाही म्हणताना माणूस मान आडवी का हलवतो? त्याचं म्हणणं असं, की मूल आयुष्यात पहिला नकार देतं तो अन्नाला. पोट भरलं की ते आईच्या अंगावरून मान बाजूला काढतं. पुढे तोंडाशी चमचा आला तरी मान तशीच बाजूला जाते. मोठेपणीच्या ‘नाही’चं मूळ या हालचालीत असावं.

आज कुठल्याही घरात डोकावलं तर ही मान दिसते. मांडीवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ, समोर खिमटाची वाटी. बाळ उजवीकडे वळतं, चमचा उजवीकडे जातो. बाळ डावीकडे वळतं, चमचा डावीकडे. मग खिडकीतला कावळा दाखवतात, मोबाइलवर गाणं लावतात, बाळ नवलाने तोंड उघडतं आणि घास आत जातो. रिकामी वाटी घरभर कौतुकाने फिरते. त्या घरात मायेखेरीज दुसरं काही नाही, आणि म्हणूनच चूक कुणाच्या ध्यानात येत नाही. दहा मिनिटांत बाळाने चार वेळा ‘नको’ म्हटलं, ते चारही वेळा वाया गेलं.

श्रोतेहो, या व्याख्यानाचा विषय ती वळणारी मान आहे. बाळाला भुकेपेक्षा जास्त पाजलं-भरवलं जातं ते ओळखायचं कसं, आणि टाळायचं कसं?

महाराष्ट्रात हा विषय काढायचा तर आधी एका आक्षेपाला सामोरं जायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. कमी वजनाची मुलं ३२.१ टक्के होती. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११ टक्के. मेळघाट आणि नंदुरबार ही नावं शहरातल्या कित्येकांना कुपोषणाच्या बातम्यांमुळेच माहीत झाली. अशा राज्यात जास्त खाण्याची काळजी कसली, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. पण त्याच सर्वेक्षणात जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या फेरीतल्या २.१ टक्क्यांवरून ३.४ वर गेलेलं दिसतं. आकडा लहान असला तरी तो चढता आहे. शिवाय कमी भरवणं आणि जास्त भरवणं या दोन्ही चुका बऱ्याचदा एकाच ठिकाणी जन्मतात. बाळ काय सांगतंय याकडे लक्ष नसलं की एका घरात निजलेलं, अशक्त बाळ उपाशी राहतं आणि दुसऱ्या घरात भरल्या पोटी बाटली तोंडात येते.

बाळसं आणि तब्येत या एकच गोष्टी नव्हेत हे तर पुण्याइतकं ठळकपणे जगात फार थोड्या ठिकाणी दिसलं असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. त्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं. तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी भरले, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिली होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचं, असं हे भारतीय बाळ २००३ च्या त्यांच्या निबंधानंतर जगभर चर्चेत आलं. यातून बाळाला कमी द्यावं असा अर्थ अजिबात निघत नाही. पहिल्या दोन वर्षांत उंची आणि वजन दोन्ही चांगलं वाढायलाच हवं. अर्थ एवढाच, की गालाला चिमटा काढून पोषणाचं माप घेता येत नाही.

आता दुधाकडे वळू.

पहिल्या दिवशी बाळ एका वेळी किती पितं? दोन ते दहा मिलीलीटर. चमच्याच्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या चहाच्या चमच्यापासून दोन चमच्यांपर्यंत. तेवढाच चीक आईला येतो आणि तेवढाच बाळाला पुरतो. प्रसूतीच्या खोलीत नेमका इथेच पहिला घोटाळा होतो. ‘दूधच येत नाही हो’ असं कुणीतरी म्हणतं, बाळ रडत असतं, आणि पावडरीचं तीस-चाळीस मिली दूध त्याच्या पोटात जातं. बाळ गाढ झोपतं. घरच्यांना वाटतं, बघा, भूक होती. खरं तर ते पोट गच्च भरल्याने झोपलेलं असतं, आणि आईच्या अंगाला लागायची त्याची पुढची वेळ तेवढी लांबते. अंगावर ओढलं नाही तर दूध वाढत नाही. मग पुढच्या आठवड्यात आईचं दूध खरोखरच कमी पडू लागतं.

अंगावर पिणाऱ्या बाळाचा कारभार किती चोख असतो याचं एक मोजमाप ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये झालं. जॅकलिन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ आयांची चोवीस तासांची मोजणी केली आणि ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. एक ते सहा महिन्यांची ही बाळं दिवसाला सरासरी ७८८ ग्रॅम दूध पीत होती, पण कुणी ४७८ ग्रॅमवर तृप्त होतं तर कुणाला १३५६ ग्रॅम लागत होतं. आणि सगळी वाढत होती. त्याहून सुंदर निष्कर्ष पुढचा आहे. स्तनात असलेल्या दुधापैकी बाळ एका वेळी सरासरी ६७ टक्केच पितं. एक तृतीयांश दूध ते तसंच ठेवतं. म्हणजे आईच्या अंगावर ‘संपवणं’ अशी कल्पनाच नाही. भूक संपली की पिणं संपतं.

बाटली या कारभाराला दोन बाजूंनी धक्का देते. एक तर बाटलीतून दूध आपोआप येत राहतं. तीन-चार महिन्यांपर्यंत तोंडात काहीही आलं की चोखायचं, ही बाळाची उपजत प्रतिक्रिया असते, आणि चोखलं की दूध येतं, आलं की गिळावं लागतं. रडणाऱ्या बाळाने बाटली घेतली म्हणून ते भुकेलं होतं असं सिद्ध होत नाही. दुसरं, बाटली पारदर्शक असते. पाजणाऱ्याला तळाशी उरलेलं वीस मिली दूध दिसत राहतं. स्तनातलं कुणाला दिसत नाही.

अमेरिकेत रुओवेई ली आणि सहकाऱ्यांनी साडेबाराशे बाळांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या सहा महिन्यांत फक्त अंगावर प्यायलेल्या बाळांपैकी २७ टक्के बाळं पुढच्या सहा महिन्यांत पेला किंवा बाटली पूर्ण संपवत होती. अंगावर आणि बाटली असं दोन्ही प्यायलेल्यांत हे प्रमाण ५४ टक्के होतं, आणि केवळ बाटलीवर वाढलेल्यांत ६८ टक्के. बाटलीत आईचंच काढलेलं दूध असलं तरी हा परिणाम दिसत होता, हे विसरू नये. दोष दुधाकडे ढकलून इथे सुटका होत नाही. बाटली कुणाच्या हातात आहे, यावर गोष्ट येते.

दुधाच्या दाटपणाची एक कथा इंग्लंडमधली आहे आणि ती आपल्या घरांना फार जवळची वाटेल. १९७१ मध्ये शेफील्डचे बालरोगतज्ज्ञ टाइट्झ यांनी त्या भागातल्या बाटलीवरच्या बाळांची पाहणी छापली. कित्येक बाळं सहाव्या आठवड्यातच अतिवजनी झालेली होती. आया पावडर मोजताना चमचा शीग लावून भरत, दाबून भरत, वर आणखी एक चमचा ‘त्याला पुरावं म्हणून’ टाकत. त्या काळच्या पावडरींत मीठही आजच्यापेक्षा जास्त होतं. दाट, खारट दुधाने बाळाला तहान लागे. तहानेने ते रडे. रडणं ऐकून त्याला पुन्हा तेच दूध दिलं जाई. पुन्हा तहान, पुन्हा रडणं, पुन्हा दूध. या चक्रातून काही बाळांच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाई. १९७४ मध्ये ब्रिटनच्या सरकारी समितीने अहवाल दिला आणि त्यानंतर तिथल्या पावडरींची घडण बदलली.

आपल्याकडे चमचा दोन्ही बाजूंनी चुकतो. दूध ‘जड पडेल’ म्हणून पाणी जास्त घालणारी घरं आहेत, तिथे बाळ उपाशी राहतं. ‘पातळ वाटतंय’ म्हणून पावडर जास्त घालणारी घरंही आहेत. डब्यातलाच चमचा, सुरीने सपाट केलेला, आणि डब्यावर लिहिलेलं तेवढंच पाणी, याला दुसरा पर्याय नाही.

बाळाला मात्र दाट-पातळ कळतं, फक्त थोडा वेळ लागतो. आयोवा विद्यापीठात सॅम्युएल फोमन यांनी बाळांना वेगवेगळ्या दाटपणाचं दूध देऊन पाहिलं. पहिल्या साधारण सहा आठवड्यांत दाट दुधाच्या बाळांच्या पोटात जास्त उष्मांक गेले. त्यानंतर मात्र त्यांनी दुधाचं प्रमाण स्वतःहून कमी केलं आणि हिशोब बराचसा जुळवला. दीड महिन्याच्या जिवाला जमणारं हे गणित आहे. ते मोडायला मोठ्या माणसांची चिकाटी लागते.

ही चिकाटी येते कुठून? काही अंशी इतिहासातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना उलट भीती होती. न्यूझीलंडमध्ये १९०७ साली प्लंकेट सोसायटी स्थापन करणारे ट्रुबी किंग अतिपाजण्याला इतके घाबरत, की त्यांनी चार-चार तासांचं घड्याळ घालून दिलं. मधल्या वेळी बाळ रडलं तर रडू द्यायचं. ही शिस्त ब्रिटिश साम्राज्यभर पसरली आणि कित्येक आयांचं दूध तिने आटवलं, कारण वारंवार न पाजल्यास दूध टिकत नाही. अतिपाजण्यावरचा तो उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट होता, आणि आज या विषयावर बोलताना तो आठवणीत ठेवायलाच हवा.

त्याच न्यूझीलंडमधून, त्याच दशकात, ग्लॅक्सो नावाची दूधपावडर बाजारात आली. ती गुबगुबीत, हसऱ्या बाळांच्या जाहिराती घेऊन हिंदुस्थानातही पोचली. त्या चित्राची पकड अशी, की पावडर विस्मरणात गेल्यावरही गुटगुटीत पोराला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणणारी माणसं आपल्याकडे राहिली. गावोगावी सुदृढ बालक स्पर्धा झाल्या, आणि पाहणाऱ्यांच्या मनात सुदृढ म्हणजे वजनदार असंच समीकरण बसलं. १९९२ चा शिशुदुग्धपर्यायांविषयीचा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनी अशा जाहिराती आणि डब्यावरची बाळांची चित्रं बंद केली. मनातलं चित्र काढायला कायदा पुरत नाही.

वाढीच्या तक्त्यानेही एक चूक बरीच वर्षं पोसली. १९७० च्या दशकाअखेरीपासून जगभर वापरलेला तक्ता अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या बाळांवरून काढलेला होता, आणि त्यातली बहुतेक बाळं वरच्या दुधावरची होती. अंगावर पिणारं निरोगी बाळ तीन-चार महिन्यांनंतर त्या रेषांच्या खाली सरकताना दिसे. मग दवाखान्यातून सल्ला मिळे, दूध कमी पडतंय, वरचं सुरू करा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ दरम्यान ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. अंगावर पिणाऱ्या, निरोगी घरांतल्या बाळांवरून बनलेला हा तक्ता २००६ मध्ये आला, आणि तोच आज अंगणवाडीत, तोच माता-बाल संरक्षण कार्डावर आहे. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेलेल्या आजीला तिथल्या डॉक्टरकडेही दोन वर्षांपर्यंत हाच तक्ता दिसेल. सहा देशांतल्या चांगल्या पोसलेल्या मुलांची वाढ जवळपास सारखीच निघाली. ‘आमच्यात मुलं बारीकच असतात’ किंवा ‘आमच्या घरात सगळे जाडेच’ या दोन्ही समजुतींना त्यामुळे फारसा आधार उरला नाही.

मग ओळखायचं कसं? एका खुणेवरून काही ठरत नाही, हे आधी सांगायला हवं. दूध काढणं हीच खूण घ्या. तीन महिन्यांखालची जवळपास निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध बाहेर काढतात. अन्ननलिकेच्या तळाची झडप अजून सैल असते, चौथ्या महिन्याच्या सुमाराला हे सर्वात जास्त होतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. हसतंखेळतं, वजन धरणारं बाळ खांद्यावर थोडं दही टाकत असेल तर धुवायचे कपडे वाढतात, एवढंच.

अतिपाजण्यातलं चित्र वेगळं असतं. पाजून होताच भसकन बरंच दूध येतं. त्याआधी पोट ताठ झालेलं, बाळ पाय पोटाशी ओढून कुरकुरतंय, पाठीची कमान करतंय. दूध बाहेर पडलं की ते एकदम शांत होतं. याच क्षणी घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘सगळं दूध गेलं गं, परत पाज.’ आणि नुकतंच हलकं झालेलं पोट पुन्हा भरलं जातं. ओकल्यानंतर बाळाने भूक दाखवली तर पाजावं. शांत झालं असेल तर त्याला तसंच राहू द्यावं.

दर पाजण्याला बाटली तळापर्यंत रिकामी होतेय, तरी बाळ अस्वस्थ आहे, शू-शी दोन्ही भरपूर, वजन आठवड्याआठवड्याला अपेक्षेपेक्षा बरंच जास्त चढतंय, अशा चार-पाच गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबून विचार करावा. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी पंचवीस ते तीस ग्रॅम वजन वाढणं ही चांगली गती. पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. तक्त्यावर नुसतं वजन पाहू नये, लांबीच्या मानाने वजन पाहावं, आणि एका मापावर निर्णय घेऊ नये. रेषा कुठे आहे यापेक्षा ती कुठे चालली आहे हे महत्त्वाचं. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत तर गुबगुबीतपणाची चिंता सहसा करायचं कारणच नाही. अशी बाळं पहिले काही महिने चांगलं बाळसं धरतात आणि रांगायला लागली की उतरतात. गोल मांड्या पाहून अंगावरचं दूध कमी करणं हा मोठा अपराध ठरेल.

आणि जिथे थांबून चालत नाही त्या गोष्टी. हिरवी उलटी, रक्ताची उलटी, तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला दर वेळी कारंज्यासारखी जोरात होणारी उलटी, वजन न वाढणं, पिण्याची इच्छाच नसणं, सुस्ती, लघवी कमी होणं. यांपैकी काहीही दिसलं तर ‘जास्त झालं असेल’ म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अपुऱ्या दिवसांच्या आणि फार कमी वजनाच्या बाळांनाही आज सांगितलेला नियम जसाच्या तसा लागू नाही. ती भूक सांगायलाही दमतात, त्यांना डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला उठवूनच पाजायचं असतं.

भुकेची भाषा रडण्याच्या खूप आधी सुरू होते. बाळ चुळबुळतं, ओठ चाटतं, मूठ तोंडात घालतं, गालाला बोट लागलं की तिकडे तोंड वळवतं. रडणं ही शेवटची हाक. तृप्तीची भाषा त्याहून हळू. चोखणं मंदावतं, मधले थांबे लांबतात, आवळलेली मूठ उलगडते, हात सैल पडतात, ओठ सुटतात, जीभ बोंडी बाहेर ढकलते, मान वळते. हे वाचायला पाजताना बाळाकडे बघावं लागतं. टीव्हीकडे बघत पाजणाऱ्याला मूठ कधी उलगडली ते दिसत नाही.

रडण्याचं एक सांगायलाच हवं. बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सर्वात जास्त असतं आणि संध्याकाळी वाढतं. घरोघरी हीच वेळ ‘दूध पुरत नाही’ या निदानाची असते. दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. संध्याकाळी खांद्यावर घेऊन फिरवणं, अंगाशी धरणं, अंधाऱ्या खोलीत नेणं, हे सगळं दुधाच्या आधी करून बघण्यासारखं आहे.

बाटली वापरावीच लागत असेल तर ती कशी धरायची यावर बरंच काही ठरतं. बाळ आडवं झोपवून बाटली उभी ओतू नये. बाळाला जरा उठतं धरावं, बाटली जवळपास आडवी, म्हणजे ते ओढेल तेव्हाच दूध येतं. बोंडीचं भोक बारीक असावं. दर काही घोटांनी बाटली खाली करून श्वास घेऊ द्यावा, मध्ये ढेकर काढावा, अर्ध्यावर कूस बदलावी. उशीला टेकवलेली बाटली तर कधीच नको. आपल्या आज्यांचं बोंडलं या कामाला उत्तम होतं. रुग्णालयांतही वाटी-चमच्याने पाजायला शिकवतात ते याचसाठी. स्वच्छ ठेवायला सोपं, आणि बाळाने ओठ मिटले की दूध थांबतं.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर वरच्या दुधावरच्या बाळाला दिवसाकाठी किलोमागे साधारण १५० मिली धरतात. पाच किलोच्या बाळाला दिवसभरात ७५० मिली, आठ वेळा पाजलं तर एका वेळी नव्वद-पंच्याण्णव. हा अंदाज आहे, कोटा नव्हे. दिवसाचं दूध ९६० मिलीच्या पुढे जाऊ लागलं तर डॉक्टरशी बोलावं. दूध घट्ट व्हावं, बाळ रात्रभर झोपावं म्हणून बाटलीत नाचणीसत्त्व किंवा बिस्किट कालवणं हा उद्योग तर बंदच व्हायला हवा. पहिल्या सहा महिन्यांत पाणी, गुटी, ग्राइप वॉटर यांनाही जागा नाही, विदर्भाच्या उन्हाळ्यातही नाही.

नोकरीवर परतणाऱ्या आईची अडचण निराळी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा आहे, पण ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. घरी आजी काढून ठेवलेलं दूध पाजते आणि आईला फोन करते, ‘दीडशे प्यायला, अजून मागतोय.’ आई घाबरते, एवढं दूध काढायचं कुठून? पर्थच्या मोजणीतला सरासरी आकडा चोवीस तासांत वाटला तर तासाला तेहतीस मिलीच्या आसपास येतो. आई नऊ तास बाहेर असेल तर तीनशे मिली पुष्कळ झालं. साठ ते नव्वद मिलीच्या लहान लहान बाटल्या भरून ठेवाव्यात. दूध वाया जात नाही आणि आजीवर संपवण्याचं ओझंही येत नाही. पावडरीचं उष्टं दूध तासाभराच्या आत टाकून द्यावं लागतं, आणि महाग पावडर टाकताना हात थरथरतो हे अगदी खरं आहे. म्हणून आधी साठ मिलीच करावं. बाळाने आणखी मागितलं तर आणखी करावं.

सहा महिने झाले, उष्टावण झालं, की चमचा येतो. आईचं दूध चालू असेल तर सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० उष्मांकच हवे असतात. दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. हे अन्न दाट आणि पौष्टिक असावं, डाळीचं, अंड्याचं, तुपाचं, भाज्यांचं. वरणाच्या पाण्याने पोट भरतं, पोषण होत नाही. भात मऊ असावा, पण पेजेसारखा वाहता नसावा. एकीकडे पातळ पेजेने पोट फुगवून बाळ कुपोषित ठेवायचं आणि दुसरीकडे चहात बुडवलेल्या बिस्किटाने बाळसं आणायचं, हे दोन्ही एकाच घरात चाललेलं दिसतं. चिऊ-काऊच्या घासांची गंमत अवश्य करावी, पण पोट भरलेल्या बाळाचं तोंड उघडायची युक्ती म्हणून नव्हे. मोबाइल मात्र वर्षाखाली नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

‘काल एवढं जेवला, आज हात लावत नाही’ ही तक्रार प्रत्येक आईची. लीॲन बर्च यांच्या चमूने दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचं खाणं मोजून १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत मुलांचं खाणं भयंकर वर-खाली होत होतं, साधारण एक तृतीयांशाने. दिवसभराची बेरीज मात्र दहा टक्क्यांच्या आसपासच हलत होती. सकाळी न खाल्लेलं मूल दुपारी भरून काढत होतं. एका वाटीवरून आई घाबरते, मूल दिवसाचा हिशोब ठेवतं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी याच धर्तीवर कामाची वाटणी करून दिली आहे. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

या वाटणीचा सर्वात धाडसी प्रयोग त्याच्या फार आधी झाला होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून, नुकतंच दूध सुटलेल्या पंधरा मुलांना स्वतःचं जेवण निवडू दिलं. आज कुठल्याही नीतिसमितीने परवानगी दिली नसती, कारण ही मुलं महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं संस्थेतच राहत होती. ताटात तीसहून अधिक साध्या पदार्थांतून निवडलेलं काही ना काही असे. दूध, मांस, यकृत, अंडी, धान्यं, गाजर, वाटाणे, कोबी, फळं, वेगळ्या वाटीत मीठ. साखर नाही, डबाबंद काही नाही. डेव्हिस यांनी स्वतःच सांगितलं होतं, की खरी मेख या यादीत आहे. मिठाई ठेवली असती तर प्रयोग फसलाही असता.

मुलांची जेवणं पाहून कुठल्याही आईला धडकी भरली असती. एकाने न्याहारीला अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि यकृत घेतलं. कुणी रात्री बरीच अंडी, केळी आणि दूध. पण सगळी मुलं तब्येतीने चांगली वाढली. भरवणाऱ्या परिचारिकांना नियम कडक होता. चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. मुलाने एखाद्या वाटीकडे हात केला किंवा बोट दाखवलं तरच चमचा भरायचा, तोंड उघडलं तरच आत घालायचा. शाबासकी नाही, नापसंती नाही.

या मुलांतला एक मुडदूस घेऊन आला होता. त्याच्या ताटात कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा एक लहान पेला ठेवलेला असे. मोठ्यांना नाक दाबून घ्यावं लागतं असलं ते तेल. तो कधी थोडं प्यायचा, कधी बरंच, कधी हातही लावायचा नाही. रक्ताच्या तपासण्या सुधारल्या, क्ष-किरणांत हाडं भरून आलेली दिसली, आणि त्यानंतर त्याने त्या पेल्याकडे बोट दाखवणं सोडून दिलं.